सहाव्या बोटाची सही

सरांकडे मी दोन वर्षं शिकलो, पण त्या दोन वर्षांत त्यांचं एकही चित्र मी पूर्ण पाहिलं नाही. तुकड्यातुकड्यांनी पाहिली. चित्र दाखवायचं झालं की सर टॅबलेट छातीशी धरत, वरचा कोपरा अंगठ्याखाली झाकत आणि आम्ही पुढे वाकलो न वाकलो तोच "पाह्यलं? झालं," म्हणून तो मांडीवर उलटा ठेवत. त्याआधी आमचे मोबाइल दाराशी ठेवलेल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात जमा झालेले असत. एकदा एका मुलीच्या आईचा फोन डब्यात वाजत राहिला, वाजत राहिला, आणि सरांनी हातातलं चित्र संपेपर्यंत झाकण उघडू दिलं नाही. आई घाबरून रिक्षा करून क्लासवर आली. सरांनी तिचाही मोबाइल डब्यात टाकायला लावला.

अमरावतीच्या एका शाळेत तीस वर्षं ड्रॉइंग शिकवून सर निवृत्त झाले होते. शाळेतल्या तीस वर्षांत त्यांचं चित्र कोणी चोरल्याचं ऐकिवात नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी पेन टॅबलेट घेतला, कॉम्प्युटरवर चित्रं काढायला लागले, बडनेरा रोडवरच्या घराच्या वरच्या खोलीत क्लास काढला, आणि त्याच महिन्यात त्यांना चोर दिसू लागले. कागदावरचं चित्र न्यायला माणसाला घरात यावं लागतं, हे चित्र कोणी अमेरिकेत बसूनही नेईल, असं ते सांगत. सांगताना खिडकीकडे बघत.

चित्र नेटवर टाकायचंच नाही, असा सोपा उपाय त्यांना मान्य नव्हता. टाकायचं तर होतं. लोकांनी वाहवा करावी, असं मनापासून वाटत होतं. फक्त लोकांना ते दिसायला नको होतं. म्हणून प्रत्येक चित्रावर स्वतःचं नाव तिरपं, करड्या अक्षरांत, वरपासून खालपर्यंत चाळीस-पन्नास वेळा. त्यांनी मेळघाटचं जंगल काढलं तरी ते तुरुंगाच्या गजांतून पाहिल्यासारखं वाटे. शाळेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने फेसबुकवर "बोर्ड छान रंगवला" असं लिहिलं. माणूस भोळा होता, त्याला खरंच तसं वाटलं होतं. सरांनी त्याला कायमचा ब्लॉक केला.

शिवाय चित्राचा आकार पोस्टाच्या तिकिटाएवढा. मोठं टाकलं तर छापता येतं ना. घरच्या ग्रुपवर त्यांनी चिखलदऱ्याचा कडा टाकला तेव्हा हिवरखेडच्या साळ्याने विचारलं की भाऊजी, ही म्हैस कोणाची.  सर आम्हाला समाधानाने म्हणाले, "दिसत नाही मंजे जात नाही."

एवढ्यावर ते थांबते तर त्यांना निव्वळ संशयी म्हणता आलं असतं. पण प्रत्येक चित्र पूर्ण झालं की त्याची रंगीत प्रिंट काढून, पाकिटात घालून, ते पाकीट सर स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवत. पोस्टाच्या शिक्क्यावर तारीख असते, म्हणजे या तारखेला हे चित्र माझ्याकडे होतं याचा पुरावा. पाकीट आलं की न उघडता कपाटात. पोस्टमन दर आठ-पंधरा दिवसांनी जिना चढून सरांची सही घ्यायचा. एकदा त्याने काळजीने विचारलं, "सर, तुमाले तुमच्याशिवाय कोनी लिहत नाही का?"

काकू, म्हणजे सरांच्या बायको, कपाटातल्या साड्या काढून ट्रंकेत ठेवता ठेवता म्हणाल्या होत्या की यांनी लग्नाआधी मला दोन ओळींचं पत्र टाकलं नाही, आणि आता स्वतःला रजिस्टर करतात.

आणखी एक गोष्ट आम्हाला खटकत असे. सरांचा हात उत्तम होता. म्हाताऱ्या माणसाच्या मानेवरची कातडी, उन्हात फाटलेली काळी जमीन, संत्र्याच्या सैल सालीवरची भोकं, हे त्यांच्यासारखं काढणारा मी पुढे पाहिला नाही. पण प्रत्येक चित्रात कुठेतरी ढोबळ चूक असे. शेळीला पाच पाय. बैलगाडीच्या एका चाकाला आरे जास्त. बाईच्या हाताला सहा बोटं. आम्ही समजलो, सरांची नजर गेली. एकाने हिंमत करून शेळीचे पाय मोजून दाखवले, तर सर नुसते हसले आणि त्याला त्या दिवशी लवकर घरी पाठवलं. ती त्यांची खूण होती, मुद्दाम ठेवलेली. चोर चित्र जसंच्या तसं उचलणार, त्याला पाचवा पाय दिसणार नाही, आणि सर भर कोर्टात शेळीचे पाय मोजणार, असा बेत होता. पण तो त्यांनी आम्हाला सांगितला नाही. आम्हीही भावी चोरच होतो. माझ्याबाबतीत त्यांचा अंदाज बरोबर निघाला.

क्लास संपवून मी अकोल्याला फ्लेक्स छापणाऱ्या एका दुकानात डिझायनर म्हणून लागलो. आमच्या धंद्यात चोरी हा शब्द वापरत नाहीत, "घेणे" म्हणतात. नेटवरून घे, पलीकडच्या दुकानाच्या फ्लेक्सवरून घे, गेल्या वर्षीचं घे आणि चेहरा बदल. घेता घेता मला बारा वर्षं झाली होती, तेव्हा एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं काम आलं. पुढारी संत्र्याच्या पट्ट्यातले. त्यांच्या माणसाला फ्लेक्सवर साहेबांच्या शेजारी संत्री निवडणारी बाई हवी होती. मी नेटवरच्या तीन बायका दाखवल्या. पहिली पंजाबची वाटते म्हणाला. दुसरीच्या हातातलं फळ मोसंबी होतं. तिसरी इतकी नटलेली होती, की ही बाई संत्री निवडत नाही, विकतही नाही, फक्त खाते, असा त्याने निकाल दिला.

मग मला सरांचं चित्र आठवलं. शेंदूरजनाघाटच्या एका बागेत बसून त्यांनी ते काढलं होतं. मांडी घालून बसलेली बाई, समोर संत्र्यांचा ढीग, पुढे केलेला डावा हात, हातात एकच फळ, आणि ते ठेवावं की टाकावं असा तिच्या चेहऱ्यावरचा विचार. फेसबुकवर तिकिटाएवढं पडलेलं होतं, त्यावर सरांचं नाव पन्नास वेळा. आता तिकिटाचं होर्डिंग करून देणारी ॲप आली आहेत. चित्र मोठं करायला दोन मिनिटं लागली आणि नावं पुसायला दहा. पुसता पुसता बोटं मोजली गेली. सहा. सरांची नजर, बिचारे, असं म्हणून मी एक बोट काढून टाकलं. खोटं कशाला सांगू, तेव्हा आपण गुरूवर उपकार करतो आहोत असं मला वाटलं होतं.

साहेबांच्या माणसाने बाई पाहिली आणि म्हणाला की हीच, माझी मोठी आई अशीच बसते. सर अमरावतीत, फ्लेक्स अकोल्यात, कोणाला कळतंय, असा माझा हिशोब होता. त्याने ती फाइल पेन ड्राइव्हवर मागून घेतली, ती तालुक्यातालुक्यात फिरली, आणि तिसऱ्या दिवशी अमरावतीच्या राजापेठेत वीस फुटी बाई उभी राहिली.

सर भाजी आणायला निघाले होते. पिशवी तिथेच सायकलला अडकवून ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले म्हणे. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली तो दिवस आला होता. त्यांनी घरी येऊन मूळ चित्र, पहिल्यांदाच मोठ्या आकारात, एकही करडं अक्षर न टाकता फेसबुकवर ठेवलं आणि खाली लिहिलं की खरा चित्रकार कोण ते बाईची बोटं मोजून ठरवा.

लोकांनी बोटं मोजली. फ्लेक्सवर पाच, सरांच्या चित्रात सहा. आणि आजकाल बोटं कोणाची चुकतात ते शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. संध्याकाळपर्यंत खाली शंभरेक जणांनी लिहिलं की सर, हे एआयनं बनवलेलं आहे. एकाने सहाव्या बोटाभोवती लाल गोल काढून पाठवला. सरांची जुनी तिकिटाएवढी पोस्ट कोणी पुरावा म्हणून धरली नाही, तिच्यात नावांखाली बाईच दिसत नव्हती. साहेबांच्या माणसाने तर सरांनीच आमच्या फ्लेक्सवरून चित्र उचललं आणि मशीनमधून काढलं असं लिहून टाकलं, आणि या वयात हे शोभत नाही असा सल्ला दिला. ज्या खुणेने चोर सापडायचा होता, तिनेच सरांना चोर ठरवलं. मी अकोल्यात बसून हे वाचत होतो. पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला आणि हसू गेलं.

तू फ्लेक्सच्या लाइनीतला आहेस, चोर कसा शोधायचा ते तुलाच कळेल, रविवारी ये, असं ते म्हणाले. नाही म्हणायला कारण सुचलं नाही म्हणून गेलो.

दार काकूंनी उघडलं. त्या खुशीत होत्या. पाण्याचा पेला हातात देत हळूच म्हणाल्या, "यायचं चित्र चोरीले गेलं, मी देवापाशी साखर ठेवली. कोनाले तरी पायजे होतं ना बाप्पा."

आत सर पाकिटांच्या ढिगात बसले होते. साक्षीदार म्हणून शेजारचे एक निवृत्त कारकून खुर्चीवर. संत्रेवालीचं पाकीट सर्वांसमक्ष उघडायचं, शिक्का आणि सहा बोटं दाखवायची, की विषय संपला. अडचण एवढीच होती, की कोणत्या पाकिटात काय आहे ते सरांनी पाकिटावर लिहिलं नव्हतं; चित्राचं साल तेवढं आठवत होतं, आणि त्या सालाची पाकिटं पंचवीसेक होती. लिहिलं असतं तर चोराला समजलं असतं. आता प्रत्येक पाकीट उघडून पाहायचं, आणि उघडलेलं पाकीट पुरावा म्हणून बाद. पहिल्यातून शेळी निघाली. दुसऱ्यातून कडा. प्रत्येक वेळी सर बाद झालेलं पाकीट बाजूला ठेवत. अकराव्या पाकिटानंतर कारकून जेवायला गेले ते आले नाहीत. संत्रेवाली सतराव्यात निघाली. तिला बघायला साक्षीदार मी एकटाच होतो.

सरांनी ती प्रिंट माझ्या हातात दिली. पहिल्यांदाच पूर्ण चित्र, कोपऱ्यावर अंगठा नाही.  ते म्हणाले की चला, आता तो फ्लेक्स जवळून पाहू.

राजापेठेत दुपारचं ऊन होतं. बाईच्या शेजारी साहेब हात जोडून उभे, खाली शुभेच्छुकांच्या दोन रांगा, प्रत्येकाचा पासपोर्ट फोटो. सर मान वर करून बराच वेळ पाहत राहिले. लोक हॉर्न देऊन बाजूने जात होते. मग त्यांनी चित्रातल्या संत्र्यांच्या ढिगाखालच्या पांढऱ्या कापडाकडे बोट केलं. तिथे बाईच्या हाताची सावली पडली होती.

"हाताले बोटं पाच," ते म्हणाले. "सावलीले मोज."

मी मोजली. सहा होती. ज्याने बोट काढलं त्याला सावलीचं भान राहिलं नव्हतं. बारा वर्षं घेण्याची सवय, आणि एवढी साधी गोष्ट.

"बोट काढनारा आयतं घेनारा नाही," सर म्हणाले. "त्याले हात काढता येते. कोनाजवळ तरी शिकलेला हाये."

तेव्हाही त्यांना संशय आला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. ते त्या अनोळखी माणसाचं जवळजवळ कौतुकच करत होते. गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण ती प्रिंट माझ्या हातात होती.

"सर, थे बोट मी काढलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. वर फ्लेक्सकडेच पाहत होते.

"किती येळ लागला?"

"दहा मिनिटं."

"दिसूनच राहिलं," ते म्हणाले, माझ्या हातातली प्रिंट काढून घेतली आणि घराकडे चालू लागले. माझी बस बडनेऱ्याच्या पुढे जाण्याआधीच त्यांनी मला जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपमधून काढलं होतं.

दोन दिवस मी स्वतःशी वाद घातला. मी काही वाईट माणूस नाही, फक्त माझा पगार फ्लेक्सवर चालतो, असं मला पटवून घ्यायचं होतं आणि ते जवळपास पटलंही होतं. पण सरांच्या त्या चित्राखाली लोक लिहीतच होते. कोणी त्यांच्या शाळेतल्या तीस वर्षांवर घसरलं होतं, मास्तरनं तेव्हाही पोरांची चित्रं स्वतःच्या नावावर खपवली असतील वगैरे. शेवटी मी सगळं लिहिलं. चित्र सरांचं आहे, नावं मी पुसली, बोट मी काढलं, पटत नसेल तर फ्लेक्सवरची सावली मोजा. ज्या लोकांनी बोटं मोजली होती त्यांनीच सावल्या मोजल्या आणि तितक्याच उत्साहाने मला शिव्या दिल्या. सरांची माफी त्यातल्या दोघांनी मागितली.

दुकानाच्या मालकाला चोरीचा राग आला नाही. "घेतलं ते ठीक," तो म्हणाला, "सांगतलं काहून?" त्याने मला कॉम्प्युटरवरून उठवून मागच्या शेडमध्ये फ्लेक्सच्या कडांना दोरी ओवायच्या रिंगा ठोकायला बसवलं. चार महिने मी रिंगा ठोकल्या.

सरांनी साहेबांच्या माणसाकडे एकच मागणी केली: फ्लेक्सवर आपलं नाव पाहिजे. तो माणूस लगेच तयार झाला. नाव लावायला मिळतंय म्हटल्यावर भांडण कसलं, असा त्याचा अनुभव होता. चित्रकार म्हणून नाव कुठे टाकायचं ते त्याला माहीत नव्हतं आणि कळलंही नाही. त्याच्या फ्लेक्सवर नावाची एकच जागा होती. तिथे, एक रेतीवाला आणि एक डेअरीवाला यांच्या मधोमध, शुभेच्छुक म्हणून सर बसले. ते बसवण्यासाठी मालकाने मला तासभर शेडमधून आत बोलावलं. फोटो सरांच्या फेसबुकवरून घ्यायचा होता, आणि त्यावर त्यांनी स्वतःचं नाव अर्थातच तिरपं लिहिलेलं होतं, कपाळापासून हनुवटीपर्यंत. यापुढे सरांचं नाव कुठूनही पुसणार नाही असं मी जाहीर लिहून दिलं होतं. पुसलं नाही. साहेबांच्या फ्लेक्सवर गजाआड दिसणारे ते एकटेच होते. बाकीचे तसे दिसत नव्हते.

सर तो नवा फ्लेक्स पाहायला रोज जात. उभ्या आयुष्यात ज्या पक्षाला त्यांनी मत दिलं नाही त्याच्या पुढाऱ्याखाली उभे राहून ते येणाऱ्याजाणाऱ्याला बाई दाखवत. ओळखीच्या एकाने विचारलं की सर, पक्षात कवा आले.

"पक्षात नाही," सर म्हणाले, "चित्रात."

ते कोणाला पटलं नाही. लोक त्यांच्याकडे रेशन कार्डाची, बदलीची कामं घेऊन येऊ लागले. साहेबांना सांगा म्हणत. सर साहेबांना ओळखत नसल्याचं सांगत, लोक त्याला विनय समजत. दोघांची कामं झालीही म्हणे. काकूंनी आलेल्यांना चहा द्यायला नवे कप आणले.

सहाएक महिन्यांनी सरांचा फोन आला. मधल्या काळातलं काही बोलले नाहीत. एक चित्र पाठवतो आहे, म्हणाले, मोठ्या आकारात. नाव नव्या पद्धतीने बसवलं आहे, कापडाच्या विणीत विणलेलं. ते काढून दाखव. दहा मिनिटं देतो.

सरांच्याच हुकमाने शपथ मोडून मी ते सात मिनिटांत काढून परत पाठवलं. सरांनी फक्त "बरं" लिहिलं आणि ते चित्र काही नेटवर आलं नाही. पुढच्या महिन्यात दुसरं आलं, नाव पाण्याच्या लाटांत. तेही निघालं, तेही आलं नाही. असं चालू राहिलं. कपाशी वेचणाऱ्या बायका, मेळघाटातला बाजार, झोपलेल्या काकू. एकाहून एक सरस चित्रं, आणि ती पूर्ण पाहणारा जगात एकच माणूस, तोही चोर म्हणून नेमलेला. मी कुलूप तोडत होतो आणि सर चित्र परत कपाटात घालत होते.

गेल्या महिन्यात त्यांनी संत्र्याची बाग पाठवली. पाऊस नुकताच थांबलेला, झाडाखाली फुटक्या पेट्या, आणि प्रत्येक पानावर टेकलेलं पाणी. नाव त्या पाण्याच्या थेंबांत होतं. कसं काढायचं ते मला पहिल्याच मिनिटाला दिसलं. पण हे चित्र लोकांनी पाहायला हवं, असं मला इतकं वाटलं की मी खोटं बोललो. फोन करून सांगितलं की सर, नाही निघत, टाका बिनधास्त.

 सर खूश होतील असं मला वाटलं.

"काहून नाही निघत?" ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, चिंता होती. "इतकी वर्षं झाली तुले या लाइनीत. झूम कर. डाव्या हाताचं तिसरं पान दिसते का?"

दिसतं, म्हणालो.

"तिथून सुरू कर. थेंब पुसू नोको, आधी पानाचा रंग उचल. घाई करू नोको."

मी पेन हातात घेतलं. स्वतःचंच चित्र कसं चोरायचं ते सर मला एकेक पान धरून शिकवत होते, आणि मधून मधून विचारत होते, समजलं का.